व्हर्ना आत्याची सही

मिनियापोलिस
८ मे २०१२

प्रिय व्हर्ना आत्या,

तुझं खोकं पोचलं. एकेचाळीस वर्षं माणसांना भूल देऊन सुखरूप जागं करणारी बाई आपल्या जन्माच्या कमाईचे कागद बर्फातल्या बुटांच्या खोक्यात ठेवते, हे मी माझ्या विद्यार्थिनींना सांगणार आहे. त्यात काकडीच्या बियांचं पाकीट आणि ऑर्लिन काकांचा १९९१ सालचा मासेमारीचा परवानाही निघाला. काकांना जाऊन नऊ वर्षं झाली. तो परवाना मी परत पाठवतेय, बिया ठेवून घेतल्यात.

फोनवर तू हवामानाच्या पुढे जात नाहीस, म्हणून सगळं लिहूनच देते. तीन रविवार बसून मी आकडे मांडले. तू तीस जूनला काम थांबवू शकतेस. खरं तर दोन वर्षांपूर्वीच थांबू शकली असतीस, पण तेव्हा तू खोकं कुणाला दाखवलंच नाहीस. घर फिटलेलं आहे. निवृत्तीची पुंजी आणि सोशल सिक्युरिटीचं सरकारी पेन्शन मिळून तुझा महिना नीट भागेल, आणि वर चाळीस हजार डॉलर सुटे राहतील. म्हणजे तू दर उन्हाळ्यात भाड्याने घेतेस ती तळ्याकाठची हिरवी केबिन. नेल्सन म्हातारा विकायला तयार असेल तर घेऊन टाक.

आता विम्याचं. तुला माहीत असणार, पण ती पानं एकमेकांना चिकटलेली होती, म्हणून सांगते. आपला विमा चालू आहे तोवरच राखतो. आज भूल दिलेल्या माणसाने तीन वर्षांनी कोर्टात खेचलं आणि तेव्हा विमा बंद असला, तर सगळं तुझ्या घरावर येईल. म्हणून काम सोडताना मागच्या कामाला राखणारा आणखी एक विमा घ्यावा लागतो, ज्याला आपण सगळे शेपूट म्हणतो. तुझ्या शेपटीची किंमत अडतीस हजार. पण तुझं वय आणि तुझी वर्षं बघून कंपनी ती फुकट देतेय. अट एकच आहे, आत्या. त्यानंतर कुणालाही भूल द्यायची नाही. एकदासुद्धा नाही. दर जानेवारीत एक फॉर्म येईल, त्यात तसं लिहून सही करायची.

हे सगळं मी करते आहे म्हणून आभार मानत बसू नकोस. मला या कामात तूच आणलंस. माझ्या शिक्षणाच्या शेवटच्या दोन वर्षांची फी कुणी भरली, ते या खोक्यातल्या पावत्यांवरून मला पहिल्यांदा नीट कळलं. बाबांनी सांगितलं होतं की बँकेने भरली.

तुझी
जॅनेल


ब्रेमर, नॉर्थ डकोटा
१९ मे २०१२

प्रिय जॅनेल,

तुझा बाप माझा धाकटा भाऊ आहे आणि लहानपणापासून खोटारडा आहे. त्या पावत्या बघायला तुला कुणी सांगितलं होतं?

काल राजीनामा दिला. डॉक्टर स्कार म्हणाले, "व्हर्ना, तू गेलीस की इथे बाळंतपणं कशी व्हायची?" म्हटलं, "जशी मी यायच्या आधी व्हायची, देवाच्या भरवशावर." मग त्यांचा चेहरा बघून वाईट वाटलं. पण माणूस मिळालाय. कर्टिस नावाचा, तिशीतला, हात चांगला आहे. सत्तर मैलांवर राहतो आणि तीन गावांच्या इस्पितळांत फिरतो.

चिकटलेली पानं वाचली. एकदासुद्धा नाही, समजलं. मी भूल देते, घेत नाही, त्यामुळे डोकं अजून शाबूत आहे.

तुझे तीन रविवार गेले त्याचं मला फार वाटलं. मला मूल नाही, त्यामुळे म्हातारपणी माझे कागद कोण बघणार ही काळजी मी कधी कुणाला बोलून दाखवली नव्हती. तू न सांगता ओळखलीस. आभार मानू नकोस म्हणालीस, तर मानत नाही. पण बिया पेर. चांगल्या जातीच्या आहेत.

आत्या


ब्रेमर
३ सप्टेंबर २०१२

प्रिय जॅनेल,

हे पत्र केबिनच्या पायरीवर बसून लिहितेय. पंधरा दिवस भाड्याने घेतली होती, आज शेवटचा दिवस. नेल्सनशी बोलणं झालं. बर्फ वितळला की मे महिन्यात कागद करायचे, सदतीस हजारांना. छप्पर गळतं, पण कुठे गळतं ते मला ठाऊक आहे.

सकाळी साडेचारला जाग येते आणि कुठेही जायचं नसतं. पहिला महिना मला वाटायचं की कुणीतरी ओरडेल. आता कॉफी घेऊन पाण्याकडे बघत बसते. इतकं सुख माझ्या वाट्याला आहे हे माहीत असतं तर खोकं आधीच पाठवलं असतं. तुझ्यामुळे झालं. झालं लिहून, आता पुन्हा लिहिणार नाही.

आत्या


ब्रेमर
२९ डिसेंबर २०१२

प्रिय जॅनेल,

लेफ्साच्या पोळ्या वेगळ्या पार्सलने पाठवल्या आहेत. या वर्षी बटाटे ओलसर निघाले, त्यामुळे थोड्या जाड झाल्यात. बर्फ खूप पडला. गल्लीतला रस्ता दोनदा मोकळा करावा लागला. बाकी विशेष काही नाही. नेल्सनला फोन करून मे महिन्याचं अजून नक्की धरू नको म्हणून सांगितलं आहे, घाई नाही.

आत्या


मिनियापोलिस
९ जानेवारी २०१३

प्रिय आत्या,

तुझं पत्र तीनदा वाचलं. पाच ओळी बटाट्यांवर आणि बर्फावर! आणि केबिनची घाई नाही? सप्टेंबरात तर तू छपराची भोकं मोजत होतीस.

मला कळतंय काय झालंय ते. आमच्याकडची रॉबर्टा निवृत्त झाली तेव्हा सहाव्या महिन्यात तिचं असंच झालं होतं. जन्मभर दुसऱ्याचा श्वास मोजायचा आणि एकदम एक दिवस मोजायला कुणी नाही. एकटं वाटणं ही काही लाजायची गोष्ट नाही. सोबत दोन हजार तुकड्यांचं कोडं पाठवतेय, दीपगृहाचं. चर्चच्या बायकांत जा. फेब्रुवारीत चार दिवस माझ्याकडे ये.

आणि हो, विम्याचा फॉर्म आला असेल. पहिल्याच चौकोनात 'नाही' लिहून सही करून पोस्टात टाक. दहा सेकंदांचं काम आहे.

तुझी काळजी करणारी
जॅनेल


ब्रेमर
२० जानेवारी २०१३

प्रिय जॅनेल,

मी एकटी पडलेली नाही. कोड्यातलं आकाश सगळं एकाच रंगाचं आहे, असलं कोडं शत्रूलाही पाठवू नये.

लपवायचं नव्हतं. तुझे तीन रविवार मी मातीत घातले हे तुला कसं सांगावं कळेना, म्हणून बटाट्यांचं लिहिलं.

अठरा डिसेंबरला दुपारी दोन वाजता वादळ आलं. समोरच्या घराचा दिवा दिसेना. हमरस्ता बंद, हेलिकॉप्टर उडेना. कर्टिस दुसऱ्या गावच्या इस्पितळात अडकला होता. अडीचला डॉक्टर स्कारांचा फोन आला. शेल्बी व्हॉइट, वय तेवीस, पहिलंच बाळंतपण. नाळ दबली होती आणि बाळाचे ठोके प्रत्येक कळेला खाली जात होते. पोट उघडल्याशिवाय बाळ हाती लागणार नव्हतं, आणि भूल द्यायला गावात कुणी नव्हतं. डॉक्टर म्हणाले, "मी तुला ये म्हणत नाही, व्हर्ना. फक्त काय चाललंय ते सांगतोय." मी म्हटलं, "मग बर्फ नांगरणाऱ्याला माझ्या दारात पाठवा."

बर्फ काढायच्या गाडीत ड्रायव्हरशेजारी बसून मी गेले. घरातून निघताना बूट घालायला खाली वाकले, तेव्हा अडतीस हजारांची आठवण झाली. खोटं कशाला सांगू, चांगली लख्ख आठवण झाली. मग दुसरा बूट घातला.

पाठीत इंजेक्शन पहिल्याच खेपेला बसलं. शेल्बी जागीच होती, माझा हात धरून सगळा वेळ विचारत होती, "रडलं का? रडलं का?" चार मिनिटांत मुलगी बाहेर आली. निळी होती, मग लाल झाली, आणि मग अशी काही रडली की डॉक्टर स्कार हसायला लागले.

नंतर भुलीचा कागद पुरा करताना ते म्हणाले, "खाली सही करू नकोस. भूल मीच दिली असं लिहितो. खोलीत आपण चौघंच होतो." मी सही केली. ते म्हणाले, निदान पैसे तरी घेऊ नकोस, म्हणजे ते काम धरलं जाणार नाही. पैसे मी घेतलेच नाहीत. तर आता सांग, फुकट केलेलं काम विम्यात धरतात का? फॉर्म टेबलावर पडलाय.

आत्या


मिनियापोलिस
२६ जानेवारी २०१३

आत्या,

धरतात! पान अकरा, तिसरा परिच्छेद, 'मोबदला घेऊन अथवा न घेता'. मी तिथे पिवळी खूण करून पाठवली होती, आत्या. पिवळी!

मला इतका राग आलाय की काल थिएटरमध्ये मी एका सर्जनवर ओरडले, आणि त्या बिचाऱ्याची काहीच चूक नव्हती. गेलीस त्याबद्दल नाही. तू गेली नसतीस तर मी तुझ्याशी बोलले नसते. पण सही? डॉक्टर स्वतःहून कागद स्वतःच्या नावावर घेत होते. आई ठीक, मुलगी ठीक, कुणाची तक्रार नाही. त्या सहीने कुणाचं काय भलं झालं? तुझ्या तळ्यावर मात्र पाणी पडलं.

अजून वेळ गेलेली नाही. कंपनीचं ऑफिस हजार मैलांवर आहे. ब्रेमरच्या इस्पितळातला एक कागद उघडून बघायला तिथून कोण येणार आहे? 'नाही' लिही, आत्या. सदुसष्टाव्या वर्षी तुझी एवढी एक गोष्ट देव माफ करेल. त्याने नाही केली तर मी बघून घेईन.

जॅनेल


ब्रेमर
३ फेब्रुवारी २०१३

प्रिय जॅनेल,

फॉर्म मी तुझं पत्र यायच्या आदल्या दिवशीच टाकला. चौकोनात 'हो' लिहिलं, खाली तारीख, वेळ आणि औषधाची मात्रा. मात्रेला जागा नव्हती, मी समासात लिहिली.

सहीने कुणाचं भलं झालं, विचारतेस. शेल्बीचं. उद्या तिचं परत कधी ऑपरेशन निघालं, तर तिथली कुणी नर्स हा कागद उघडेल. कोणतं औषध, किती, रक्तदाब किती खाली गेला, कशाने वर आला, हे सगळं ती बघेल. मग एखादी गोष्ट कळेनाशी झाली तर सही बघून मला फोन करेल. तिथे डॉक्टर स्कारांचं नाव असलं तर ती त्यांना फोन करेल. आणि ते तर तेव्हा टेबलाच्या दुसऱ्या टोकाला पोटात हात घालून उभे होते. ते काय सांगणार?

इतकंच आहे. यात मोठेपणा काही नाही. राग ओसरला की लिही. रागातच लिहिलंस तरी चालेल, तुझं अक्षर रागात जास्त चांगलं येतं.

आत्या


मिनियापोलिस
१२ फेब्रुवारी २०१३

प्रिय आत्या,

राग ओसरला. आता लाज वाटतेय.

तुला आठवत असेल की नाही कोण जाणे. शिकत असताना एका उन्हाळ्यात मी तुझ्या हाताखाली होते. हर्नियाची साधी केस होती. पाच-पाच मिनिटांनी दाब लिहायचा, मी मधले दोन चुकले आणि मागचे-पुढचे बघून मनानेच भरून टाकले. माणूस मजेत घोरत होता. तू ते बघितलंस. केस संपल्यावर मला खुर्चीवर बसवलंस, पेन दिलंस आणि म्हणालीस, "त्या दोन आकड्यांवर एकच रेघ मार, खालचं दिसलं पाहिजे. शेजारी लिही, घेतला नाही. मग सही कर." मी रडत रडत सही केली. तू मला आइस्क्रीम खायला नेलंस आणि त्याबद्दल परत कधी अवाक्षर काढलं नाहीस.

माझ्या सव्वीसशे-सत्तावीसशे केसेसच्या कागदांवर त्यानंतर एकही मनाने भरलेला आकडा नाही. आणि मीच तुला 'नाही' लिही म्हणून सांगत होते. काळजीने माणूस किती खाली येतो बघ.

बिल आलं की मला कळव. अर्धे मी भरणार. माझ्या शिक्षणाचे म्हण हवं तर.

आणखी एक सांगून टाकते. सव्वीस तारखेला पत्र टाकल्यावर मी डॉक्टर स्कारांना फोन करून वाट्टेल ते बोलले. शेपटीचं, केबिनचं, सगळं. त्यांना वाटलं होतं विम्याची नुसती कटकट होईल, अडतीस हजार आणि केबिन जाईल हे ठाऊकच नव्हतं. पलीकडे इस्पितळाचे फोन जोडून देणारी डोलोरेस ऐकत बसलेली होती, असं मला नंतर वाटतंय.

तुझी
जॅनेल


ब्रेमर
१ मार्च २०१३

प्रिय जॅनेल,

डोलोरेस ऐकत बसलेली होती. शुक्रवारपर्यंत पोस्टातल्या बाईनेही मला शेपटीचं विचारलं.

बिल आलं, अडतीस हजार दोनशे. तुझे अर्धे नकोत. तुझी मुलं कॉलेजला जायची आहेत आणि तुझं स्वतःचं खोकं अजून रिकामं आहे, ते आधी बघ. शिक्षणाचं म्हणशील तर ते कर्ज नव्हतं. परत करायला निघालीस तर मी तुझं तोंड बघणार नाही. नेल्सनला नाही म्हणून कळवलं. त्याने एकदाच "बरं" म्हटलं.

आइस्क्रीम आठवतं. तू दोन खाल्लेली.

आत्या


ब्रेमर
२१ एप्रिल २०१३

प्रिय जॅनेल,

बैस, हे पत्र लांबणार आहे.

अग्निशमनवाल्यांच्या हॉलमध्ये काल पॅनकेकचं जेवण झालं. दरवर्षी कुणाच्या ना कुणाच्या मदतीसाठी होतं, कुणाचं धान्याचं कोठार जळलेलं असतं, कुणाला कॅन्सर असतो. या वर्षी दारावर माझं नाव लावलेलं. मला आधी सांगितलं असतं तर मी पाय टाकला नसता, म्हणून त्यांनी मला वाढायला बोलावलं. दाराजवळ आइस्क्रीमची रिकामी बादली ठेवलेली, ज्याला जे टाकायचं ते टाका. मी डॉक्टर स्कारांना बाजूला घेऊन म्हटलं, "हे बंद करा. मला कोठार जळाल्यासारखं वाटतंय." ते म्हणाले, "तू गप्प वाढ."

शेल्बी मुलीला घेऊन आली होती. चार महिन्यांची झाली, गालांचा नुसता गोळा. नाव ब्रिन्ली. माझं नाव ठेवलं नाही याबद्दल मी त्या पोरीची जन्माची ऋणी आहे.

बादलीत नऊ हजार चारशे साठ निघाले. घेऊ नये असं वाटत होतं, पण घेतले. द्यायची सवय असलेल्या बाईला घेताना फार त्रास होतो गं. पण नाही म्हटलं असतं तर पाचशे माणसांच्या तोंडावर दार लावल्यासारखं झालं असतं. बाकीचे माझे घालून सोमवारी चेक पाठवते. केबिन या जन्मी होत नाही. उन्हाळ्यात आठवडाभर भाड्याने घेईन, आतापर्यंत घेत आलेच.

आणि एक गोष्ट तुझ्या लक्षात आली का? फुकटच्या शेपटीला अट होती. विकतच्या शेपटीला कसलीच अट नाही, मी पान अकरा स्वतः वाचलं. डॉक्टर स्कारांनी वादळाच्या दिवसांपुरतं मला इस्पितळाच्या विम्यात घेतलंय. भूल द्यायच्या परवान्याचे पैसे कालच भरले. तेव्हा पुढच्या हिवाळ्यात रस्ता बंद झाला, तर मला दुसऱ्या बुटापाशी थांबावं लागणार नाही. ओरडू नकोस.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते सांगते. वाढताना मला माणसं ओळखू येत होती, पण चेहऱ्यांवरून नाही. याचा जबडा लहान, नळी घालताना त्रास झाला होता. हिला जागं होताना ओकारी येते. त्यांना मात्र मी ओळखू येणार नाही असं मी धरून चालले होते. आपण देतो त्या औषधाने आपणही पुसले जातो, तुला ठाऊकच आहे. लोक शुद्धीवर येतात आणि सर्जनचे आभार मानतात. त्याचं मला कधी काही वाटलं नाही.

रांगेत एल्रॉय बाउअर होता. पलीकडच्या शेतांवरचा, आता ऐंशीचा. अठ्ठ्याऐंशी साली त्याचं आतडं कापलं होतं. ताट पुढे करून म्हणाला, "बाई, तुझा चेहरा मला आठवत नाही."

म्हटलं, "आठवायला नकोच, एल्रॉय. त्याचेच पैसे घ्यायचे मी."

तो हसला नाही. म्हणाला, "पण आवाज आठवतो. डोळे मिटले आणि कुणीतरी माझ्या कानाशी म्हणालं, 'मी इथेच आहे. तू जागा होईपर्यंत मी कुठेही जात नाही.' गेल्या शरद ऋतूत माझी बायको, माझी मार्लिस गेली, इथेच, तुमच्या इस्पितळात. शेवटी तिला काय म्हणावं मला सुचेना. मी काही बोलणारा माणूस नाही. मग मी तेच म्हणालो. तेवढंच मला येत होतं."

जॅनेल, ते वाक्य मी एकेचाळीस वर्षं प्रत्येकाला म्हटलं. औषध टोचताना माझा स्वतःचा हात शांत राहावा म्हणून म्हणायचे. ते कुणाला ऐकू जात असेल असं मला कधी वाटलंच नव्हतं.

मागे रांग थांबली होती. मी त्याच्या ताटात आणखी दोन पॅनकेक वाढले.

तुझी
व्हर्ना आत्या